तीन सेन्सर आणि एक पैठणी

"सेन्सर? अहो, तो तर आपल्या डाव्या हाताचा मळ!"

सुदर्शन हे म्हणाला तेव्हा त्याच्या डाव्या हातात खरं तर बिस्किट होतं. समोर विम बसला होता. गल्लीच्या उत्सव समितीचा अध्यक्ष, निवृत्त, ताडमाड उंच आणि प्रत्येक वाक्याआधी नीट विचार करणारा माणूस. डच घरात कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं आणि डबा लगेच मिटतो, हे आपल्या लोकांना पहिल्या महिन्यातच कळतं. पण सुदर्शनचं ते वाक्य ऐकून विमने चक्क डबा पुन्हा उघडला! सात वर्षं आर्नहेममध्ये काढून सुदर्शनला मिळालेला हा सर्वोच्च सन्मान होता. आता माघार कशी घेणार?

खरं सांगायचं तर सुदर्शन एका वीज कंपनीत प्रोग्रामर. लोकांच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहायचा. सेन्सर नावाची वस्तू त्याने ऑफिसच्या जिन्यात पाहिली होती, माणूस आला की आपोआप दिवा लागतो ती. तेवढीच काय ती ओळख! पण पोरगा पुण्याचा. "मला माहीत नाही" हे वाक्य त्याच्या जिभेला कधी वळलंच नाही.

भानगड अशी होती. सुदर्शनच्या गल्लीला उतार आहे. हॉलंडमध्ये उतार असणं म्हणजे कोकणात बर्फ पडण्यासारखं! पण आर्नहेमला देवाने चार टेकड्या दिल्यात, त्यातल्या एकीवर ही गल्ली. म्हणून दर जूनमध्ये तिथे घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत होते. इंजिन नाही, पेडल नाही. चार चाकं, दोन फळ्या, स्टिअरिंगला दोरी, आणि वरून सुटायचं ते थेट खाली. एका वेळी दोन गाड्या. गेल्या वर्षी अंतिम फेरीत कोण जिंकलं यावरून गल्लीत जी जुंपली, ती नाताळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर चालू होती. डच माणूस भांडत नाही, फक्त आपलं मत मांडतो. पण चाळीस घरांनी रोज आपलं मत मांडलं की काय होतं, ते विमच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून कळत होतं.

"या वर्षी मशिननेच सांगायला हवं," विम म्हणाला. "तू बघशील ना?"

"निश्चिंत राहा!" सुदर्शन म्हणाला आणि दुसरं बिस्किट उचललं.

घरी येऊन त्याने बायकोला, मंजूषाला, ही बातमी सांगितली. तेव्हा ती गॅरेजमध्ये हातोडा घेऊन बसली होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे मी जिंकले की पुरावा राहील."

"तू?"

"मी! का? मी शर्यतीत नाव दिलंय."

आता मंजूषाबद्दल सांगायलाच हवं. ही बाई पुण्यात लक्ष्मी रोडवर ऐन दिवाळीच्या गर्दीत स्कूटर चालवायची, मागे सासूबाई आणि पुढे कंदील अडकवून. नवऱ्यामागे हॉलंडला आली आणि इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाली. पुन्हा दिली, पुन्हा नापास! परीक्षक म्हणाला, "तुम्ही गाडी चांगली चालवता, पण फार ठामपणे चालवता." तेव्हापासून ती गल्लीत "सुदर्शनची बायको" होती, जिला स्टेशनला सोडायला नवरा लागतो. तिने ते कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मनाला फार लागलं होतं. एकदा, फक्त एकदा, तिला या गल्लीसमोर गाडी चालवून पहिलं यायचं होतं. म्हणून जुन्या कपाटाच्या फळ्या आणि टाकून दिलेल्या बाबागाडीची चाकं जमवून तिने गाडी केली. जांभळा रंग, कडेने सोनेरी काठ. गाडीचं नाव पैठणी!

उन्हाळ्यासाठी पुण्याहून आलेल्या आईंनी, म्हणजे सुदर्शनच्या आईने, बसायला घरातला पाट दिला. "अगं मंजू, पाटावर बसलं की काम फत्ते होतं बघ," त्या म्हणाल्या. सासू-सुनेची या बाबतीत जबरदस्त युती होती.

इकडे सुदर्शनने ऑफिसच्या पद्धतीने काम सुरू केलं. म्हणजे आधी एक्सेल उघडलं. उभ्या रकान्यात सेन्सर, आडव्या ओळीत ऊन, वारा, पाऊस, अचूकता. प्रत्येकाला गुण दिले, बेरीज केली, तर सगळे सेन्सर सारखेच पास! मग त्याने तीन वेगवेगळे मागवले आणि घरातच चाचणी लावली.

पहिला किरणाचा. एका बाजूने न दिसणारा किरण सुटतो, दुसऱ्या बाजूला त्याचा डोळा. मधून कोणी गेलं की पीं! सुदर्शनने तो स्वयंपाकघराच्या दारात लावला. झालं! आईंनी मीठ आणलं, पीं. तेल आणलं, पीं. मीठ ठेवायला गेल्या, पीं!

"मी काय चोर आहे का रे सुदर्शन?"

"आई, तू वाहन आहेस. चाचणीपुरती."

"वाहन? नऊ महिने वाहिलं तुला, ते बरोबरच म्हणा!"

मग पैठणीवर चाचणी केली, तर पीं नाहीच. मंजूषा गाडीत मागे रेलून बसायची, त्यामुळे किरण तिच्या नाकावरून निघून जायचा. सुदर्शनने किरण खाली आणला, अगदी घोट्याच्या उंचीवर. "आता मुंगीसुद्धा सुटणार नाही," तो म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसरा सेन्सर रबरी नळीचा. रस्त्यावर आडवी नळी टाकायची, तिच्यावरून चाक गेलं की आतली हवा दाबली जाते आणि नोंद होते. तिसरा उष्णतेचा, जिन्यातल्या दिव्याचा सख्खा भाऊ. समोरून ऊबदार शरीर गेलं की त्याला कळतं. आई गरम तवा घेऊन गेल्या, लगेच कळलं. मंजूषा गेली, काहीच नाही. ती परत गेली. तरी नाही!

"म्हणजे मी थंड आहे का?" मंजूषाने विचारलं.

"अगं, तसं नाही, अँगलचा प्रॉब्लेम..."

"बघ बाबा. तुला तर मी पंधरा दिवसांत दिसले नाहीये, निदान सेन्सरला तरी दिसते का बघ. सरावाला येतोस आज? उतारावरून कशी येते बघ तरी. आणि ब्रेक जरा उशिरा लागतोय, तोही बघ."

"आज नाही गं, कॅलिब्रेशन आहे."

"बरं," ती म्हणाली. बायको नुसतं "बरं" म्हणाली की शहाण्या नवऱ्याने हातातलं काम टाकून उठावं. सुदर्शन उठला नाही.

शेवटी तिघांतला कोणता निवडायचा हे ठरेना, म्हणून त्याने तिन्ही निवडले! दोन्ही लेनला प्रत्येकी तिन्ही सेन्सर. तिघांपैकी दोघं जे सांगतील ते खरं. "एक चुकला तरी दोघं सांभाळून घेतील," त्याने विमला समजावलं. निकाल सगळ्यांना दिसावा म्हणून घरातला भलामोठा टीव्ही फिनिश लाइनपासून थोडा दूर टेबलावर मांडला आणि दवंडी पिटली, "कोणीही रेषेजवळ गर्दी करू नका. टीव्हीकडे बघा. निकाल तिथेच दिसेल!"

शर्यतीचा दिवस उजाडला. कधी नव्हे ते ऊन पडलं होतं. डच मंडळी उन्हाने वेडी होऊन खुर्च्या घेऊन रस्त्यावर आली होती. आई सकाळपासून तयारीत होत्या. नवं वाहन म्हटल्यावर चाकाखाली लिंबू नको का? अ‍ॅमस्टेलव्हीनच्या भारतीय दुकानातून मुद्दाम मागवलेली पातळ सालीची चार लिंबं त्यांनी पैठणीच्या चार चाकांखाली ठेवली. पैठणी सुटली, लिंबं फचाफच फुटली आणि मंजूषा पहिली फेरी जिंकली! टीव्हीवर तिन्ही दिवे हिरवे. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मग दुसरी फेरी. तीही जिंकली! सुदर्शनची छाती इतकी फुगली की विम म्हणाला, "तुझ्या शर्टाचं बटण गेलं."

अंतिम फेरीत समोर रूड. हा सुतार. दर वर्षी फायनलला असायचा, आणि गाडी अशी गुळगुळीत करायचा की तिच्यावर माशी बसली तर घसरेल. आईंच्या काळजात चर्र झालं. "परत लिंबू ठेवते," त्या म्हणाल्या. पण भारतीय लिंबं संपली होती. त्यांनी विमच्या बायकोकडून चार डच लिंबं आणली. आता तुम्ही इथलं लिंबू पाहिलंय का? पिवळंधमक, बोटभर जाड सालीचं, आणि टणक म्हणजे क्रिकेटच्या चेंडूसारखं! आईंनी ती चाकांखाली ठेवली, हात जोडले आणि औक्षणाचं ताट घेऊन लगबगीने खाली फिनिश लाइनवर गेल्या. सून जिंकून येणार, मग ओवाळायला नको? निरांजन पेटवलं आणि मंजूषाच्या लेनच्या कडेला उभ्या राहिल्या. उष्णतेच्या सेन्सरपासून हातभर अंतरावर!

सुदर्शनला यातलं काही दिसलं नाही. तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला हेही दिसलं नाही, की एका बाईंनी आपली मुलं बसवायची पेटीवाली सायकल रस्त्याच्या कडेला, नेमकी त्याच्या रबरी नळ्यांच्या टोकांवर आणून उभी केली होती. हॉलंडमध्ये रिकामी जागा दिसली की तिथे सायकल उभी राहते, यात त्या बाईंचा तरी काय दोष?

वर झेंडा पडला. गाड्या सुटल्या!

तीन डच लिंबं कशीबशी चिरडली. चौथं मात्र चाकाखालून सुटकन निसटलं, टुणकन उडालं, तिरकं होऊन रूडच्या लेनमध्ये पडलं आणि उतारावरून गडगडत सुटलं. मागे दोन गाड्या, पुढे लिंबू! रस्त्याच्या कडेने जमलेल्यांपैकी कोणी वर बघितलं असतं तर हा सोहळा दिसला असता. पण सगळी गल्ली, सुदर्शनच्या हुकुमाप्रमाणे, टीव्हीकडे तोंड करून उभी होती.

लिंबू घोट्याच्या उंचीच्या किरणातून टुणकन पार झालं. टीव्हीवर किरणाचा हिरवा दिवा: रूड पहिला! त्याच क्षणी आईंनी गाड्या येताना बघून डोळे मिटले, "गणपती बाप्पा, सांभाळ रे" म्हणत निरांजन गोल फिरवलं. उष्णतेच्या सेन्सरचा हिरवा दिवा: मंजूषा पहिली! नळ्या सायकलीखाली गुदमरून पडल्या होत्या. तिथे प्रश्नचिन्ह!

"काय झालं? कोण?" गल्ली ओरडली.

"एक मिनिट, एक मिनिट!" सुदर्शन बटणं दाबत सुटला.

मंजूषाची पैठणी रेषेपलीकडच्या गवताच्या भाऱ्यांत घुसून थांबली होती. ती उठली. रूडच्या गाडीचं नाक आपल्या मागे राहिलेलं तिने स्वतः पाहिलं होतं. तिने दोन्ही हात वर केले, तोंडभर हसली आणि वळली. तिला दिसल्या फक्त पाठी. चाळीस घरांच्या पाठी, आणि त्यांत सर्वांत पुढे, बटण तुटलेल्या शर्टातली, नवऱ्याची पाठ. ती हळूहळू हात खाली घेत उभी राहिली.

"मी जिंकले," ती म्हणाली. पण टीव्हीसमोरच्या गलक्यात ते कोणाला ऐकूच गेलं नाही.

"आई, तू तर रेषेवरच होतीस!" सुदर्शन धावत आला. "कोण आलं पहिलं?"

"अरे, मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते!"

"रूड, तुला काय वाटतं?" विमने विचारलं.

रूड प्रामाणिक माणूस. "मला वाटतं ती पुढे होती," तो म्हणाला. "पण मशिन म्हणतं मी. कदाचित मशिनला जास्त कळत असेल." मग त्याने खाली वाकून किरणाच्या खांबाशी पडलेलं पिवळं काहीतरी उचललं. "हे कोणाचं?"

लिंबू! सगळी गल्ली लिंबाकडे बघत राहिली. सुदर्शनने आईकडे पाहिलं. आईंनी निरांजनावर फुंकर मारली आणि आकाशाकडे बघायला लागल्या.

आता आपल्याकडे असं झालं असतं तर कोणीतरी मोठ्याने ओरडून निकाल लावला असता. इथे तसं नाही. विमने खुर्च्या गोल मांडल्या, कॉफी आली, प्रत्येकाला एक बिस्किट मिळालं आणि प्रत्येकाने आपलं मत मांडलं. कुत्रा घेऊन नुसत्या रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थांनीही मांडलं. ऊन उतरेपर्यंत चर्चा झाली. ठरलं असं, की दोघंही पहिले. कप सहा महिने रूडकडे, सहा महिने मंजूषाकडे. सगळे समाधानी! मंजूषा सोडून.

"पहिला नंबर काय सगळ्यांना विचारून ठरतो?" घरी येताना ती एवढंच बोलली. सुदर्शन टीव्ही उचलून मागे चालत होता.

दार लावल्यावर ती वळली. "ते जाऊ दे. रूड पुढे की मी पुढे, गल्लीने काय म्हणायचं ते म्हणू दे. पण तू पाहिलंस ना? मी रेषेवरून आले तेव्हा?"

सुदर्शनने टीव्ही खाली ठेवला. खोटं बोलता आलं असतं. पण तिचा चेहरा बघून त्याला ते जमलं नाही.

"मी स्क्रीनकडे बघत होतो," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. आणि आत गेली.

सुदर्शनला एकदम भडभडून आलं. सात वर्षांत या बाईने आपल्याकडे काही मागितलं नव्हतं. एकदा "बघ" म्हणाली होती, तेही आपल्याच्याने झालं नाही! तो त्या दिवशी जेवलासुद्धा नाही. म्हणजे आईंनी आग्रह केला म्हणून दोनच पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी गल्ली अजून झोपलेली असताना सुदर्शनने एकट्याने पैठणी ढकलत वर नेली. घामाघूम होऊन घरी आला आणि म्हणाला, "मंजू, चल. एकदा ये ना खाली. फक्त माझ्यासाठी. सेन्सर नाही, लॅपटॉप नाही, काही नाही. मी रेषेवर उभा राहतो आणि डोळे फाडून बघतो!"

मंजूषाने केस घट्ट बांधले. मग हेल्मेट उचललं. "ब्रेक उशिरा लागतो, सांगून ठेवते," ती म्हणाली.

"हो हो," सुदर्शन म्हणाला.

तो रेषेवर जाऊन उभा राहिला. कडेला नाही हां, बरोब्बर मध्ये, म्हणजे नीट दिसावं. गवताचे भारे विमने आदल्या दिवशीच उचलून नेले होते. वरून जांभळी पैठणी सुटली. सोनेरी काठ उन्हात चमकत होता, मंजूषा पुढे वाकून दोरी धरून होती आणि खाली येता येता हसायला लागली होती. सुदर्शनने तिला असं हसताना लक्ष्मी रोडनंतर पाहिलं नव्हतं. तो बघतच राहिला. पापणी लवली नाही. पायही हलला नाही!

"अरे, बाजूला हो! सुदर्शन! बाजूलाऽऽ!"

धाडकन आवाज झाला. पैठणी थांबली. सुदर्शन रस्त्याकडेच्या हिरवळीत उताणा पडला होता आणि उजवा पाय दोन्ही हातांनी धरून ओरडत होता, "पाहिलं! मंजू, पाहिलं मी! पहिली आलीस!"

"अरे, एकटीच होते ना मी!" ती धावत येऊन त्याच्या शेजारी बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. तेवढ्यात आई ताट घेऊन आल्या. "कोणी हलू नका," त्या म्हणाल्या, "कालचं ओवाळायचं राहिलंय!" आणि आडव्या पडलेल्या लेकासकट दोघांना ओवाळलं.

डॉक्टरांनी पाय बघितला, दाबला, आणि पॅरासिटामॉल घ्या म्हणाले. फारच विव्हळला तेव्हा कुठे एक्स-रेची चिठ्ठी दिली. हाड मोडलं होतं. प्लास्टर लागलं. संध्याकाळी विम भेटायला आला. त्याने आख्खा बिस्किटांचा डबा आणला आणि जाताना तो उघडाच ठेवून गेला.

सेन्सरांचं म्हणाल, तर किरणाचे आणि नळ्यांचे खोक्यात गेले. उष्णतेचा एक मात्र मंजूषाने घराच्या जिन्यात दिव्याला जोडून टाकला, वाया का घालवायचा म्हणून. अँगल तिनेच नीट केला. आता ती जिन्यात आली की दिवा चटकन लागतो. सुदर्शन आला की लागत नाही! कुबड्या टेकवून तो अंधारात उभा राहतो, एक हात हलवून बघतो, दोन्ही हलवता येत नाहीत, आणि मग हळूच हाक मारतो,

"मंजू, जरा इकडे येतेस का गं? मी दिसत नाहीये!"